नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही

आमच्या घरात चार वायरलेस सेट आहेत आणि त्यांपैकी एकालाही मी हात लावायचा नाही, असा ठराव घरात पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झालेला आहे. त्या पाचांतली एक बाई तर आमच्या घरातलीही नाही. ती कोण आणि तिला मतदानाचा हक्क कसा मिळाला, हे सांगायचं तर मला माझ्याच अब्रूची लक्तरं स्वतःच्या हाताने टांगावी लागतील. पण गावात आता कोणाला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही, तेव्हा तुमच्यापासून तरी काय लपवायचं?

मी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. वीस वर्षं झाली. हातात वायरलेस सेट धरून "उचल", "डावीकडे घे", "ठेव" एवढं बोलायचं, की समोरचा चाळीस फुटी कंटेनर निमूटपणे उचलला जातो, डावीकडे जातो आणि ठेवला जातो. घरी मात्र मी "चहा ठेव" म्हटलं तर कोणीही काहीही ठेवत नाही. एकाच माणसाच्या एकाच आवाजात एवढा फरक का पडावा, याचा विचार करता करता माझी खात्री पटली, की दोष माझ्यात नाही. घरात वायरलेस नाही, हा दोष आहे.

मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं आणि मला संधी मिळाली. आमचं गाव किहीमच्या मागे, टेकडीच्या आड. मोबाइलला रेंज असते ती गच्चीवरच्या टाकीजवळ, तीही एका पायावर उभं राहिलं तर. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी किनाऱ्यावर उतरली, की ती उरलीसुरली रेंजही तेच संपवतात. लग्न रविवारी आणि हळद शनिवारी. म्हणजे नेमकं ज्या दिवशी घरची माणसं चार दिशांना धावणार, त्या दिवशी कोणाचा कोणाला पत्ता नसणार. मी जाहीर केलं, "आपण वायरलेस बसवतोय. घरात, जीपमध्ये आणि ट्रॅक्टरवर."

"लग्नाला माणसं बोलवलीत का जहाजं?" बायकोने, म्हणजे सुनंदाने, विचारलं.

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि परवाना न लागणारे, कमी ताकदीचे चार सेट घेऊन आलो. घरचा सेट स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी बसवला, कारण आई दिवसभर तिथेच असते. त्याची अँटेना मांडवाच्या बांबूला बांधून पाण्याच्या टाकीवर उभी केली. (पहिले दोन दिवस सेटमधून खरखर आली, की आई मिक्सरला चापट मारायची.) ट्रॅक्टर बाबांचा. "भोक पाडशील तं याद राख," एवढं बोलून त्यांनी परवानगी दिली, म्हणून तो सेट मडगार्डला नायलॉनच्या दोरीने बांधला. चौथा, हातात धरायचा छोटा सेट, सुनंदाच्या पर्समध्ये गेला.

जीपचा सेट मात्र मी जातीने बसवला. जीप जुनी, पण दांडा टाकला की चारही चाकांनी ओढणारी. गॅरेजवाला सलीम शेजारी उभा होता. गिअरच्या बाजूला, हात सहज पडेल अशा जागी मी सेट धरला आणि ड्रिल मागितलं.

"काका, वहाँ मत लगाव," सलीम म्हणाला. "वो जो दुसरा दांडा है ना..."

"सलीम, वीस वर्षं मी हेच करतोय." (वीस वर्षांत मी एकही सेट बसवलेला नव्हता. यार्डात त्या कामाला वेगळा माणूस आहे.)

"ठीक है काका," म्हणून त्याने ड्रिल दिलं. सलीम सज्जन माणूस, वाद घालत नाही. त्या दिवशी घातला असता तर माझ्यावर उपकार झाले असते.

मग प्रशिक्षण सुरू झालं. ओटीवर सगळ्यांना बसवून मी सांगितलं, की वायरलेसवर प्रत्येकाला एक वेगळं नाव असतं. "मी गरुड एक. बाबा, तुम्ही गरुड दोन. आई, तू गरुड तीन."

"मी गरूड?" आई म्हणाली. "मना जिना चढवत न्हाय."

बाबा तर उठूनच उभे राहिले. पंचाहत्तरीचा माणूस, सगळी हयात मिठागरात गेलेली, त्यामुळे अंगाने आणि स्वभावाने कडक. "माझ्या आयबापान नाव ठेवलंय. बाळाराम. तेच चालंल."

गरुड उडाले आणि बाळाराम, तारा, नरेश, सुनंदा ही घरचीच नावं राहिली. नियम सोपे केले. ज्याला बोलवायचं त्याचं नाव दोनदा घ्यायचं, मग स्वतःचं सांगायचं, मग थांबायचं. समोरून उत्तर आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. मी हे सगळं कागदावर ठळक अक्षरांत लिहून मिक्सरच्या वर चिकटवलं.

पहिल्याच चाचणीत बाबांनी माझा जीव घेतला. कोणीही काहीही बोललं तरी ट्रॅक्टरवरून उत्तर यायचं. आई घरच्या सेटवर शिंकली, तर "काय बोललीस?" मी "हॅलो, वन, टू, थ्री" म्हटलं, तर "कोन पायजे?" मी सुनंदाला हाक मारली, तर "ती न्हाय हितं, मी हाय." एव्हाना अर्धी आळी ओटीवर जमली होती आणि प्रत्येक उत्तराला हसत होती. माझा पारा चढला. बाबा परत आल्यावर मी त्या सगळ्यांसमोर बोललो, "बाबा, तुमचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. समजलं?"

बाबांनी ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकली. "समाजला," ते म्हणाले. "नाव घेतल्याबिगर न्हाय बोलनार."

"मंग मी यांना काय म्हनू?" आईने विचारलं.

"तू कशाला त्यांना काही म्हणशील? तू फक्त माझं ऐकायचंस आणि सुनंदाला सांगायचंस."

इथे माझी अक्कल कुठे गहाण पडली होती देव जाणे. माझ्या आईने लग्नानंतर बाबांचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. एकदा रेशनकार्डाच्या कचेरीत साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने माझ्याकडे बोट दाखवून "याच्या बापसाचं जा हाय ता लिवा" एवढंच सांगितलं होतं. मी तेव्हा सोबत होतो. तरीही मला ओटीवर ते आठवलं नाही.

शनिवार उजाडला. हळद संध्याकाळी पाचला. आमच्या आगरी लग्नात हळदीचं जातं फिरायचं तर धवलारीण पाहिजे, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून सांगणारी बाई. ती गाईल तेव्हा हळद दळायची, ती सांगेल तेव्हा नवरीला लावायची. आमच्या टापूत आता अशी एकच उरली आहे, हिराआत्या, साऱ्या टापूची आत्या. पंचाहत्तरीची, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र अजून खणखणीत. प्राजक्ता मुंबईत नोकरी करणारी मुलगी, पण तिने सगळ्या लग्नात एवढा एकच हट्ट धरला होता. "पप्पा, डीजे कॅन्सल करा, फोटोवाला कॅन्सल करा, मला काही नाही. पण हिराआजी गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. तुम्ही आणाल ना तिला वेळेत?"

"हा काय विचारायचा प्रश्न झाला?" मी म्हणालो.

हिराआत्याचा एक नेम आहे. धवलारणीला तिच्या दारातून मानाने न्यायचं. एकदा ती गाडीत बसली, की थेट मांडवात उतरणार. मध्ये कुठेही जमिनीला पाय लावणार नाही. हा नेम तिने आजवर मोडलेला नाही, त्यामुळे तिला न्यायला येणारा माणूस भरवशाचा लागतो.

दुपारी दोनला मी निघालो. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला, कारण वायरलेसची परीक्षा चोख व्हायला हवी होती. आत्याचं गाव किनाऱ्यावर. तिला तिच्या पिशवीसकट मागच्या सीटवर बसवलं आणि परत फिरलो, तर रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. अर्धा तास झाला तरी आम्ही त्याच नारळाखाली. डावीकडे मात्र किनाऱ्याची वाळू, आमची पुळण, मोकळी, सपाट, नुसती बोलावत होती.

"आत्या, आपण पुळणीवरून जाऊ. दहा मिनटांत किहीम."

"भरती लागलीय रं."

"ही फोर-व्हील आहे, आत्या."

"दर्याला ठावं हाय का?" आत्याने विचारलं.

पहिला अर्धा किलोमीटर जीप अशी पळाली, की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. मग एक ओहोळ समुद्राला मिळतो तिथे आलो आणि मागची चाकं वाळूत बसली. मी जराही घाबरलो नाही. अशाच वेळेसाठी तर तो दुसरा दांडा असतो! मी ऐटीत तो धरला आणि पुढे लोटला. दांडा बोटभर सरकला आणि टक्कन अडला. खाली वाकून पाहिलं, तर दांड्याच्या वाटेत, चार जाड बोल्टांनी घट्ट आवळलेला, माझा वायरलेस सेट. सलीमला काय सांगायचं होतं ते मला त्या क्षणी सविस्तर कळलं. बोल्ट सोडवायचा पाना सलीमकडेच होता.

मी नेटाने रेस दिली. जीप पुढे जायच्या ऐवजी खाली गेली.

एक पर्यटक तरुण चालत आला. मी त्याचा फोन मागितला. "काका, सकाळपासून रेंजच नाहीये," असं म्हणून त्याने फोन दाखवला आणि त्याच फोनने जीपच्या अँटेनाचा फोटो काढून "भारी सेटअप आहे" म्हणत निघून गेला. मग खांद्यावर जाळं टाकलेला एक कोळी आला. त्याने जीपकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, "भरती हाय" एवढं सांगितलं आणि तोही गेला. पाणी पुढच्या चाकांना लागलं होतं. साडेतीन वाजले होते.

"आत्या, मी तुला उचलून रस्त्यापर्यंत नेतो. तुझे पाय जमिनीला लागणार नाहीत."

आत्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्यान तुझं प्वाट उचलत न्हाय, मना काय उचलशील? त्या डब्यान बोल. त्यासाठीच लावलायस ना?"

मी माईक उचलला. "सुनंदा, सुनंदा, मी नरेश." उत्तरादाखल बेंजोपार्टीचा असा दणका आला, की आत्याने कान झाकले. सुनंदा बायकांबरोबर वाजतगाजत कुंभाराकडे लग्नाची मडकी आणायला गेली होती, आणि तिच्या पर्समधला सेट मजेत होता. मी तो नाद सोडला. "आई, आई, मी नरेश."

"कोन?"

"आई, उत्तर देताना माझं नाव घे आधी."

"नरेश, नरेश, कोन?"

"मीच! जीप रुतली. किहीमच्या अलीकडे, ओहोळाच्या तोंडाशी. हिराआत्या गाडीत आहे आणि पाणी चढतंय."

"जेवली का ती?"

आत्याने मागून सांगितलं की जेवली, भाकरी आणि सुकट. मी तेही कळवलं, कारण त्याशिवाय संभाषण पुढे सरकलं नसतं.

आता परिस्थिती अशी होती. आम्हाला बाहेर काढू शकेल असं एकच वाहन, बाबांचा ट्रॅक्टर. बाबा मांडवाच्या खुर्च्या आणायला टेकडीपलीकडच्या गावी गेलेले. माझा आवाज टेकडी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, त्यांचा माझ्यापर्यंत येत नव्हता. टाकीवरच्या उंच अँटेनामुळे आमचं घर तेवढं दोघांनाही ऐकू शकत होतं. म्हणजे सगळी मदार आईवर.

"आई, बाबांना सांग. ट्रॅक्टर आणि दोर घेऊन लगेच पुळणीवर या म्हणावं."

बराच वेळ नुसती खरखर. मग आईचा दबका आवाज आला, "अवो..."

शांतता.

"अवो, ऐकलंत का?"

शांतता. मग माझ्यासाठी, "ते न्हाय बोलत रं."

"नावाने हाक मार त्यांना!"

"मी?" आईने असं विचारलं, जणू मी तिला समुद्र पिऊन टाकायला सांगितलं होतं.

तेवढ्यात प्राजक्ताचा आवाज आला. नवरी म्हणून तिला घराबाहेर पडायची बंदी होती, ती आजीजवळच बसली होती. "पप्पा, आजोबा ऐकतायत! बटण दाबून नुसते खाकरतायत."

"मग तूच बोल ना."

"दोन्ही हातांना ओली मेंदी आहे, पप्पा. बटण आजीच्या हातात आहे. थांबा हं. बाळाराम आजोबा, बाळाराम आ..." आणि आवाज तुटला. पुन्हा जोडला गेला तो आईचा. "आज्याला नावानं हाक मारतंय कारटं. उद्या सासरी जायाचंय हिला."

"आई, निदान निरोप तरी सरळ सांगून टाक. ते ऐकतायत ना!"

"उत्तर आल्याबिगर बोलायचं न्हाय. तू लिवून चिकटवलंयस. हितं, मिक्सरच्या वर." मग आवाजाला जरा धार आली. "आन् मीबी बगते, किती येळ गप बसतात ते."

हा आता वायरलेसचा प्रश्न राहिला नव्हता. दोन हट्टी माणसांचा संसार मी चार भिंतींतून काढून हवेत सोडला होता. तिकडे बाबा खुर्च्यांवर बसून खाकरत होते, इकडे आई माईक धरून वाट बघत होती, आणि मधल्या मध्ये माझ्या बुटांत पाणी शिरलं होतं. चार वाजून गेले.

प्राजक्ताचा आवाज आता बारीक झाला होता. "आजी, घे ना गं नाव. हिराआजी नाही आली तर माझी हळद कशी होणार? मी किती दिवस वाट बघतेय." ती रडत नव्हती, पण रडायच्या अगदी काठावर होती. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःला मनापासून शिव्या दिल्या. मुलीने एक गोष्ट मागितली होती, फक्त एक, आणि ती मी समुद्रात आणून उभी केली होती.

आई विरघळली असावी. "घेतलं असतं गो बाय," ती म्हणाली, "पन असंच कसं घेऊ? उखाना पायजे. मना येक बी आठवत न्हाय."

इतका वेळ मागे शांतपणे पान लावत बसलेली हिराआत्या पुढे वाकली आणि तिने माझ्या हातातला माईक काढून घेतला. (बाईने आयुष्यात पहिल्यांदा वायरलेस हातात धरला होता.) "तारा, तारा, मी हिरा. घाबरू नको. पयली वळ मी देते, दुसरी तू लाव. आदी एकवीरा आयचं नाव घेऊ, मंग गावदेवीचं, मंग तुज्या सासू-सासऱ्यांचं..."

"आत्या, छोटा घे उखाणा," मी हात जोडले.

"उखाना छोटा घेतला तं नवरा छोटा वाटतो," आत्या म्हणाली. तेवढ्यात एक लाट दारातून आत आली आणि तिच्या पिशवीला लागली. आत्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि विचार बदलला. "बरं, छोटा घेऊ. तारा, म्हन: दर्याच्या पान्याला भरतीचा जोर..."

पुन्हा खरखर. एक छोटा खेकडा क्लचवर चढून बसला. मी त्या डब्याला कान लावून बसलो होतो. आणि मग आईचा आवाज आला, आधी कापरा, मग स्पष्ट:

"दर्याच्या पान्याला भरतीचा जोर,
बाळारामांचं नाव घेते, आना टॅक्टर नि दोर."

मी चाळीस फुटी कंटेनर हवेत झुलताना पाहिलेत, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. माझ्या बापाचं नाव मी माझ्या आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. पाण्यात बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. आत्यानेही पदर डोळ्यांना लावला, मग व्यवसायाच्या नजरेने म्हणाली, "चांगली लावली. चालीत बसते."

आता बाबा निघतील असं मला वाटलं. ते काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त आईचं येत होतं.

"काय?... परत?... आता घेतलं ना. ... खरखर आली? ... अवो, सारं गाव ऐकतंय." मग तिने उखाणा पुन्हा घेतला. "आता तं नीट ऐकू आलं ना? ... न्हाय?... खोटं बोलू नका, तुमचे कान चांगलं हायत." आणि तिसऱ्यांदा उखाणा. या वेळी तर शेवटचा 'दोर' तिने चांगला लांबवला. मग आई हसली. पोरीबाळी हसतात तशी, मोकळी. आमच्या घरात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला मिळालं ते गाडीच्या पायरीवरून पाणी वाहत असताना.

"आई, निघाले का ते?" मी न राहवून विचारलं.

"थांब रं जरा. मोठी मानसं बोलतायत."

मी थांबलो. दुसरं काय करणार होतो?

साडेचारला टेकडीची खिंड ओलांडून ट्रॅक्टर अलीकडे आला असावा, कारण सेटमध्ये एकदम बाबांचा आवाज उमटला. ते माझ्याशी बोलत नव्हते. "तारा, तारा, मी बाळाराम. पुन्ना सांगतो, ऐक:

टॅक्टर माझा जुना, धूर सोडतो सारा,
निंघालो बग तवाच, जवा बोलली तारा."

"किती येळा सांगाल?" आईचा आवाज आला.

"तू तीनदा घेतलंस. माझं हे दुसरंच हाय."

सुरूच्या झाडांतून ट्रॅक्टर पुळणीवर उतरला. मागे ट्रॉलीत लाल प्लॅस्टिकच्या शंभर खुर्च्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ट्रॉली वळवून जीपच्या नाकाला भिडवली, दोन खुर्च्या पाण्यात टेकवल्या आणि हिराआत्याचा हात धरला. आत्या जीपमधून खुर्चीवर, खुर्चीवरून ट्रॉलीत. नेम शाबूत. तिला ट्रॉलीत एक खुर्ची वर काढून दिली, त्यावर ती पाय पोटाशी घेऊन ऐसपैस बसली. मग बाबांनी जीपला दोर बांधला आणि ट्रॅक्टर सुरू केला. दोर ताणला, ट्रॅक्टर घुमला, जीप जागची हलेना. माझ्या पायाशेजारच्या सेटमधून आवाज आला, "नरेश, नरेश, मी बाळाराम. ब्रेकवरला पाय काढ."

पाचला पाच मिनिटं कमी असताना आमची मिरवणूक मांडवासमोर आली. पुढे बाबा, मग खुर्च्यांच्या डोंगरावर गाणी गुणगुणणारी हिराआत्या, मग दोराला बांधलेली, पाणी गळणारी जीप आणि तिच्यात सरळ समोर बघत स्टिअरिंग धरून बसलेला वधूपिता. प्राजक्ता पिवळ्या साडीत दारात उभी होती. ती धावत आली ती माझ्याकडे नाही, आत्याकडे. मेंदीचे हात बाजूला धरून तिने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मग मात्र खरंच रडली. मला फार बरं वाटलं. बाबा ओटीवर टेकतात तोच आईने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता हसत होते.

जातं फिरलं. आत्याने देवांना बोलावलं, पूर्वजांना बोलावलं, मामाला, मावशीला, सगळ्यांना गाण्यातून मांडवात आणून बसवलं. धवलारणीला घरच्यांची थट्टा करायचाही हक्क असतो. हळद प्राजक्ताच्या कपाळाला लागली, तशी आत्याने घसा साफ केला आणि माझ्याकडे बघत नवी चाल धरली:

"नवरीचा बापूस गो, कनच्या वाटेन येतो?
दर्याच्या पान्यान गो, जिप आपली धुतो."

सगळ्या मांडवात हशा पिकला. सुनंदा हसून हसून खांबाला टेकली. प्राजक्ताच्या गालावरची हळद डोळ्यांच्या पाण्याने ओघळली. मीही हसलो. म्हटलं, चला, एक दिवसाची गोष्ट आहे, पोरीच्या हळदीत माझ्यापायी चार माणसं हसली तर बिघडलं कुठे?

पण टापूत धवलारीण एकच, हे मी विसरलो होतो. त्या दिवसापासून हिराआत्या ज्या ज्या मांडवात जाते, तिथे ते गाणं गाते. लोक फर्माईश करतात. गेल्या महिन्यात काशीदला एका लग्नाला गेलो होतो. तिथेही तेच. माझ्या शेजारी नवऱ्याची पुण्याची मावशी बसली होती. तिने मोठ्या कुतूहलाने विचारलं, "अहो, हे समुद्रात जीप घालणारे नवरीचे वडील, ही इकडची जुनी लोककथा आहे का?"

"हो," मी गंभीरपणे म्हणालो. "बरीच जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली."

"बिचारे! मग पुढे बाहेर निघतात का ते?"

"अजून काही सांगता येत नाही," मी म्हणालो. "हिराआत्या दर लग्नात एक कडवं वाढवते. आज चौदावं झालं, तरी मी पाण्यातच आहे."